पांढऱ्या लुगड्याले आईलचा डाग

झाकण कोरडं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी, अजून चांगलं उजाडलंबी नव्हतं, मी जीपीखाली वाकून पाह्यलं. पिंपाचं जुनं पत्र्याचं झाकण आमच्या इंजनाखाली कायमचं ठेवलेलं असते. रोज सकाळी त्यात काळं तेल जमलेलं असे, निंबाचा पाला वाऱ्यानं येऊन पडलेला. आता काही नाही. बोट फिरवलं तं बोटाले धूळ लागली. उठलो, गाडीभोवती एक चक्कर मारली अन् पुन्हा वाकून पाह्यलं. दुसऱ्यांदा पाह्यल्यानं तेल येते काय? पण माणूस पाहते.

चावी हातात होती. घटकेत खिशात टाको, घटकेत काढो. गल्लीतल्या बायका पांढरी लुगडी नेसून येणार होत्या, मेडशीले जायचं होतं. दर वर्षी जातो. यंदा जायचं का नाही, हे मी कोणाले सांगितलं नव्हतं, काहून का मलेच माहीत नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो, पुन्हा उतरलो. बाजूच्या सीटकडं पाह्यलं नाही.

आमचं गाव मालेगाव-मेडशी रस्त्यापासून थोडं आत. नाल्यावरचा पूल उतरला का आमची गल्ली. ही जीप याच रस्त्यावर चालली, काळी-पिवळी, सवारीची. मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. तिच्या मीटरचे आकडे फिरून फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले अन् मंग एक दिवस काटाच मेला. डाव्या अंगाचं पुढचं दार एकदा आपटून लागत नाही. पुढं बसलेल्या दर सवारीले मी सांगो, "दोनदा आपटा जी." नवी सवारी एकदा आपटे, अर्ध्या रस्त्यात दार उघडे, अन् मंग तिले पटे.

कुठून गळते म्हणून विचारान, तं कुठून गळत नाही ते विचारा. वरच्या टॅपिट कव्हरची पॅकिंग ओली. खालच्या चेंबरचे बोल्ट ओले. मागची सील तं पहिल्या मालकापासून रडत आलेली. चढणीवर सायलेन्सरातून निळा धूर निघे, म्हणजे आईल बाहेर सांडे तसं आतबी जळे. दुसरे ड्रायव्हर पानाची चंची घेऊन फिरत, मी आईलचा डब्बा घेऊन फिरो. मेडशीच्या स्टँडवर माही जीप जिथं उभी राहे तिथली माती काळी पडली होती. दुसरा कोणी तिथं गाडी लावे तं लोकच म्हणत, "ती जागा बुक हाय."

पंचफुला, माही बायको, मागच्या पौर्णिमेनंतर पावसाळा लागायच्या आंधी गेली. कशी गेली ते मी लिहीत नाही. लिहून काय होते.

झाकण तिचंच. पहिल्यांदा जीप अंगणात उभी केली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती सडा टाकायले निघाली अन् सारवलेल्या अंगणात हा एवढा काळा डाग. "माय वं!" करून वरडली. मले वाटलं साप निघाला. बाहेर येऊन पाहतो तं हातातली बादली तशीच, अन् बाई डागाकडं पाहून राह्यली.

"रत्नाचे बाबा, तुमी गाडी आणली का म्हैस आणली? ही तं इथंच घाण करते."

"जुनी गाडी आहे वं. गळनच थोडं."

"मंग खाली काही ठेवा. म्हशीखाली आपण बादली नाही ठेवत काय?"

त्या दिवशी तिनं चुलीतली राख डागावर टाकली, पायानं दाबली, अन् पिंपाचं झाकण आणून इंजनाखाली सरकवलं. तवापासून ते तिथंच. मी सकाळी गाडी काढायच्या आंधी ती झाकण ओढे, तेल डब्ब्यात वते अन् मंगच चूल पेटवे. जळक्या आईलचा अन् ओल्या शेणसड्याचा वास एकात एक मिसळलेला, तोच आमच्या घरचा सकाळचा वास. अजून कुठं तसा वास आला का मले भूक लागते.

आताबी हे लिहिताना दोनदा उठून चुलीपर्यंत जाऊन आलो.

हिवाळ्यात जीप लवकर सुरू नाही होये. ती चुलीवरचं गरम पाणी आणे, मी रेडिएटरमधी टाको. वाफ तोंडावर येये. मंग गल्लीतले लोक पांघरुणासकट धक्का मारायले येत. इंजन आंधी खोके, मंग ढेकर दिल्यावानी धूर सोडे, अन् मंग टकटक टकटक सुरू. तापलेल्या बोनटवर पंचफुला दोन्ही हात ठेवून उभी राहे. धूर, थंडी, तुरीच्या वावरातून येणारा ओला वास. मी म्हणो, "सरक, मले जाऊ दे." ती म्हणे, "थांबा नं, एक हात गरम झाला, एक राह्यला."

सोयाबीनच्या दिवसांत पहाटेपासून बायका विळे घेऊन बसत. संध्याकाळी परत येताना त्यायच्या अंगावरचा भुसा सीटवर, टपावर, माह्या मानेवर. सारी गाडी खाजवे. पंचफुलाबी त्यायच्यातच, वावरातून माह्याच गाडीत बसून येये, पण मागं. पुढची सीट सवारीची. गाडीची मालकीण कधी पुढं बसली नाही. आम्हाले दोघायलेच कुठं जायचं म्हटलं तरी फाट्यावर सवारी भेटे, अन् ती आपणहून मागं सरके. मागच्या फळीवर, मागच्या दाराजवळ, एक हात दांडीले अन् एक हात कोणाच्या तरी लेकराले. पुढच्या आरशात तिचं अर्धं तोंड दिसे. सारा रस्ता मी तेवढंच अर्धं तोंड पाहत गाडी चालवली.

माही भाकर ती इंजनावर ठेवे. बोनटमधी एका बाजूले सपाट जागा होती, तिथं फडक्यात बांधलेला डब्बा. दुपारी मेडशीच्या स्टँडवर उघडला का भाकर गरम, अन् तिले डिझेलचा वास.

"भाकर निरा गाडीवानी वासते," मी म्हणो.

"तुमीबी गाडीवानीच वासता. मी म्हणते काय काही?"

टॅपिटचा आवाज माह्या जीपीचा वेगळा होता. लोक म्हणत नीट करून घे. मी नाही केला. नाल्याच्या पुलावर गिअर पाडला का तो टकटक आवाज गल्लीत पहिले जाये अन् मांगून मी. आवाज आयकला का पंचफुला चुलीवर चहा ठेवे. मी गाडी लावून, हात धुवून वट्यावर बसेलोक चहा उकळलेला. समोरच्या घरची कौसाबाई, पंचफुलाची जोडीदारीण, आपल्या वट्यावरून हाका मारे, "पंचफुले, तुहा टकटक्या आला वं!" सारी गल्ली हासे. मीबी हासो. एखाद्या दिवशी आवाज आला नाही अन् मी आलो, म्हणजे बंद गाडी बैलानं ओढत आणली, तं त्या दिवशी मले चहा नाही भेटे. म्हणे, "आवाज नाही आला, मले काय सपन पडते?"

गळलेलं तेल ती फेकत नव्हती. उन्हाळाभर डब्ब्यात साठवे. वैशाख सरता सरता, पावसाच्या आंधी, दाराच्या चौकटीले अन् खांबायले ते तेल लावलं का उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही अन् बिजागरं वाजत नाहीत. काडीले चिंधी बांधून तिनं बोळा केलेला. माहा जुना सदरा लुगड्यावरून घाले, डोक्याले फडकं, अन् निघे. आमचं घर झालं का कौसाबाईचं, मंग पुढचं, मंग त्याच्या पुढचं. गल्लीच्या शेवटापर्यंत. कोणाच्या घरी कुलूप असलं तरी बाहेरून चौकट रंगवून येये. दुपारच्या उन्हात ते तेल लाकडात मुरे अन् सारी गल्ली गॅरेजवानी वासे.

कौसाबाई तिले चिडवे, "अवं, लोकायच्या घरून दूध निघते, दही निघते. तुह्या घरून आईल निघते."

"मंग चाट नं येऊन."

आमच्या गल्लीतलं एक दार वाजत नव्हतं. बाहेरच्या माणसाले हे कळत नाही. पण पाव्हणा म्हणून दुसऱ्या गावी झोपलो, अन् सकाळी तिथलं दार करकरलं, का मले जाग येये अन् वाटे, आपण आपल्या घरी नाही.

आता पौर्णिमेचं सांगतो, नाही तं पुढचं समजणार नाही.

मेडशी पंचफुलाचं माहेर. वैशाख पौर्णिमेले तिथल्या विहारात वंदनेले जायचं, खीर वाटायची, हा तिचा लग्नापासूनचा नेम. जीप आल्यावर साऱ्या गल्लीचाच नेम झाला. बायका पांढरी लुगडी नेसून येत. इस्त्री कुठली, तांब्यात निखारे टाकून घड्या मोडलेल्या. अन् बसायचं कशात, तं माह्या जीपीत, जिथं हात लावान तिथं आईल. मी सीटवर पोते टाको, बायका पोत्यावर कागद टाकत, कागदावर फडकं टाकत. तरी दर वर्षी कोणाच्या तरी लुगड्याले डाग लागेच. एकीचा पदर दाराले घासला, एकीच्या मांडीवर खिरीचं भांडं अन् भांड्याच्या बुडाले आईल. पहिल्या वर्षी तं भांडणच झालं. नवं लुगडं होतं बिचारीचं. रस्ताभर रडली. तवा पंचफुलानं मागून आवाज दिला, "रडू नको वं. जिले डाग लागला, तिले पुढच्या वर्षी पुढची सीट."

झालं. तोच कायदा झाला. पुढची सीट म्हणजे मऊ गादी, खिडकी, वारा. मागं कोंबडीवानी बसून जाणाऱ्या बायकायले त्या सीटचं भारी अप्रूप. डाग लागला का रडायच्या ऐवजी बायका नाचायले लागल्या. एकीनं तं मुद्दाम पदर घासला, अन् कौसाबाईनं तिले पकडलं, "हा चोरीचा डाग हाय, हा नाही चालत!" विहाराच्या पायऱ्यायवर पंचायत बसली होती.

पंचफुलाले कधी लागला नाही. सवय होती तिले. कुठं हात ठेवायचा, कुठं नाही, जीप तिले पाठ होती. साऱ्या बायका एकेकदा पुढं बसून आल्या. कौसाबाई दोनदा. पंचफुला मागंच.

मागच्या पौर्णिमेले परत येताना मेडशीच्या चढणीवर लाल दिवा लागला. आईल कमी झालं होतं. मी गाडी थांबवली, बोनट उघडलं. पंचफुला डब्बा घेऊन उतरली, तिनंच आईल वतलं. अन् झाकण लावताना वारा आला, तिचा सोगा उडाला अन् इंजनावर पडला. तिनं ओढून पाह्यला. हाताच्या पंज्याएवढा काळा डाग.

मागून कौसाबाई वरडली, "लागला वं लागला! मालकिणीले लागला!"

पंचफुला रस्त्याच्या मधात उभी राहून सोगा दोन्ही हातात धरून हासली. बाजूले पळसाचं झाड होतं, उन्हानं सारं पांढरं दिसे. ती माह्याकडं पाहून म्हणे, "पुढच्या वर्षी पुढं मी. आताच सांगून ठेवते, सवारीगिवारी चालणार नाही."

"बसजो नं," मी म्हणलो. "कोण नाही म्हणते."

ती पुढची सीट ही. तिच्याकडं पाह्यलं नाही, असं मी वरतं लिहिलं ते याच्यामुळं.

ती गेल्यावर लेक आली, रत्ना, कामरगावले दिलेली. जलदान विधी होयेलोक राह्यली. गुणाची पोरगी आहे. तिनं घर आवरलं. मायचं सारं धुऊन टाकलं, वाकळी, लुगडी, उशीची खोळ, डोक्याचं फडकं. सोडा टाकून, गरम पाण्यात. संध्याकाळी मी वाकळ पांघरली अन् उठून बसलो. वाकळीले साबणाचा वास. फक्त साबणाचा. मी पोरीवर वरडलो, "तुले कोणी सांगितलं होतं धुवायले?" ती म्हणे, "बाबा, मळली होती." मळलीच होती, तिचं बरोबर होतं. पौर्णिमेचं लुगडं तेवढं धुऊनबी डाग घेऊनच दोरीवर वाळून राह्यलं होतं.

अन् पाहा आता मी काय केलं ते.

यंदा पौर्णिमा जवळ आली. जीप साल उभीच होती, मधात मधात सुरू करून बंद करो तेवढीच. मले वाटलं, वर्ष होते तिले, जायचं तं गाडी साफ करून जावं. यंदा कोणाच्या लुगड्याले डाग नको. डाग लागला तं पुन्हा त्या सीटची गोष्ट निघन, अन् मले ती नको होती. डिझेल घेतलं, ब्रश घेतला, अन् इंजन घासायले बसलो. बोट बुडन एवढा थर होता, आईल, धूळ, सोयाबीनचा भुसा, सारं भाजून झालेली पपडी. खरडून काढली. वरून मोटरीच्या पाइपानं पाणी मारलं. संध्याकाळलोक इंजन चमकून राह्यलं. जीप घेतल्यापासून मले त्याचा खरा रंग माहीत नव्हता, हिरवट निघाला.

दुसऱ्या सकाळी झाकण भरून तेल अंगणात वाहून गेलं होतं. साऱ्या जागेतून. जिथून कधी गळत नव्हतं तिथूनबी.

आईल टाकत टाकत मालेगावले रफिक मिस्त्रीकडं नेली. रफिक माह्या रत्नापेक्षा थोडा मोठा, त्याच्या बापानंच ही जीप पहिल्यांदा उघडली होती. बोनट उघडलं अन् तो मांगं सरकला.

"चाचा, ये क्या किया? धुतलं काय?"

"धुतलं. पौर्णिमा आहे."

"पौर्णिमा तुमाले हाय. इंजनाले कायची पौर्णिमा?" डोक्याले हात लावून हासला. "ती घाण नव्हती चाचा. इतक्या वर्साची पपडी, आईल तिच्याच भरोशावर थांबून होतं. तुमी पपडी काढली, त्याले रस्ता भेटला."

मी तिथं पडलेल्या टायरावर बसलो. मले रत्ना आठवली, दोरीवर वाकळ टाकताना. बसवलं नाही. उठून रोडवर गेलो, एस.टी. पाह्यली, परत आलो.

रफिकनं गाडी सुरू करून पाह्यली. आईलची पट्टी काढून पाह्यली, नळीतून निघणाऱ्या धुरावर हात धरून पाह्यला. म्हणे, "रिंगा गेल्या. बॅक मारून राह्यलं. दाब खालून येते, मंग सील काय धरन? नुसत्या सील बदलून काही होत नाही. एकटेच फिरत असान तं आईल टाकत टाकत फिरा, मरेलोक चालन. बायका बसवून मेडशीची चढण चढायची असन तं हाफ इंजन करा. रिंगा, बेअरिंग, साऱ्या पॅकिंगा, टॅपिट सेटिंग. थेंब नाही पडणार."

"टॅपिटचा आवाज राह्यन काय?"

"आवाज? नाही नं! एकदम मख्खन होईन. लोक आवाज बंद करायले येतात चाचा, तुमी..." त्याच्या बापाच्या दुकानात पंचफुला किती वेळा खांद्यावर लेकरू घेऊन बसली होती ते त्याले माहीत आहे. तो पान्हे पुसत बसला. "तुमी सांगा," म्हणे. "घाई नाही."

घाई कशी नाही. एकीकडं आवाज. तो आयकला का अजून माह्या मनात चहा उकळते. एकट्यानं फिरलो तं तो माह्याजवळ राह्यला असता. दुसरीकडं कौसाबाई अन् बाकीच्या बायका. त्या दर वर्षी हिच्या नेमानं हिच्या माहेरी जातात. त्यायले चढणीवर बंद गाडीत कसं बसवू? अन् यंदा खंड पडला तं पडलाच. मी त्या टायरावर बसलो, उठलो, बसलो. शेवटी म्हणलो, "खोल."

त्यानं चेंबरचा नट काढला. तेल खाली पडायले लागलं, जाड, काळं, गरम. रफिकनं टोपलं सरकवलं.

"फेकू नको ते," मी म्हणलो. "कॅनमधी भरून दे."

"याचं काय करता?"

"दाराले लावतात."

जीप घेऊन परत आलो तं नाल्याच्या पुलावर गिअर पाडला. काही आवाज नाही. नुसती घरघर, कोणाच्याबी गाडीची असते तशी. गल्लीत शिरलो. कौसाबाई वट्यावर तांदूळ निवडत बसली होती, तिनं मानच वर केली नाही. गाडी लावून उतरलो तवा दचकली. "भाऊजी तुमी होय? मले वाटलं कोणाचे पाव्हणे आले." मंग ती गाडीकडं पाहतच राह्यली. आवाज गेला ते तिलेबी समजलं. म्हणे, "मेडशीले निघतो नं आपण?"

"पाहू."

"पाहू काय? खिरीले दूध सांगायचं हाय."

"सांगा नं, दुधाचं काय."

त्याच्यानंतर गाडी सुरूच केली नाही. चावी फिरवली का तो परका आवाज येईन, म्हणून. कॅन दाराच्या मागं ठेवला होता. येता जाता दिसे. तिचे हात या तेलाले शेवटचे लागलेले, हे मी कोणाले सांगो? मनात आलं, ठेवून द्यावा हा कॅन असाच. मंग मनात आलं, तेल ठेवून काय त्याचं लोणचं होते?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी घरात थांबवेना. बायका वावरात काडीकचरा वेचायले गेल्या होत्या, गल्ली सामसूम. ऊन असं का कुत्रंबी नाही. मी फळीवरून तिचा बोळा काढला, चिंधी वाळून लाकडावानी झाली होती. कॅन घेतला अन् निघालो. कौसाबाईची चौकट. मंग पुढची. मंग त्याच्या पुढची. बिजागरं, कड्या, खांब. साल झालं होतं, लाकूड निरा तहानलेलं. लावलं का पिऊन घे. खांबायच्या बुडाले उधईची माती चढली होती, ती खरडली. कोणाच्या दारी तिच्या हाताचे जुने वण दिसत, वरून खाली, वरून खाली. मी आडवा हात मारतो. मंग मीबी वरून खाली मारायले लागलो. शेवटच्या घरी कॅन उपडा केला. थेंब राहू दिला नाही. संध्याकाळी बायका आल्या, दारं आवाज न करता उघडली. वास सारीकडं. कौसाबाई तिच्या दारात उभी राहून तिकडं तोंड करून डोळे पुसत होती, ते मी पाह्यलं नाही असं केलं.

तं अशी ती पौर्णिमेची सकाळ. झाकण कोरडं, मी गाडीभोवती फिरून राह्यलो, चावी हातात. हाताच्या नखायतलं काळं निघालं नव्हतं.

पहिली कौसाबाईच निघाली. दोन्ही हातात खिरीचं पातेलं, कडक पांढरं लुगडं. आमच्या गल्लीतली दारं अरुंद. पातेलं धरून आडवी होऊन निघाली अन् खांद्यापासून ढुंगणापर्यंत चौकटीले घासली. मंग पुढची निघाली. मंग त्याच्या पुढची. कोणाचा खांदा, कोणाचा पदर, कोणाची बाही. अंगणात येऊन साऱ्या उजेडात उभ्या राह्यल्या तवा एकमेकींकडं पाहायले लागल्या.

"वं, तुह्या पाठीले काय हाय?"

"अन् तुह्या खांद्याले?"

एकीनं डागाले बोट लावून नाकाजवळ नेलं. मंग साऱ्या माह्याकडं वळल्या.

"भाऊजी!" कौसाबाईनं पातेलं खाली ठेवलं अन् कमरेवर हात ठेवले. "पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोणी दाराले आईल लावते काय? डोकंगिकं हाय का नाही? पंचफुला जलमभर पौर्णिमा झाल्यावर लावे!"

पौर्णिमा झाल्यावर लावे. इतकी वर्षं पाह्यलं मी. काहून, हे माह्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी खाली पाहत उभा राह्यलो. वाटलं, आता परत जातीन घरात. अन् कोणीतरी हासलं. मांगून दुसरी हासली. कौसाबाई स्वतःची पाठ पाहायले गरगर फिरून राह्यली होती, कुत्रं शेपटीमागं फिरते तशी, अन् मंग तीबी हासायले लागली. हासता हासता तिच्या डोळ्यातून पाणी. "माय वं," म्हणे, "आता पुढच्या वर्षी पुढं कोण बसन? साऱ्यायलेच डाग!"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू," एक जण म्हणे. "चढा."

अन् साऱ्या मागच्या दारानं चढल्या. मागं जागा असते तेवढीच असते, तरी कोंबून कोंबून बसल्या, पातेलं मांडीवर, लेकरं खांद्यावर. मी म्हणलो, "बसा नं कोणी पुढं. गाडीचा तोल जाते."

"जाऊ द्या," कौसाबाई मागून म्हणे. "यंदा तिचा नंबर हाय."

मी सीटवर बसलो. चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली, न खोकता, न धूर सोडता. आरशात पाह्यलं. मागच्या दाराजवळ, जिथं ते अर्धं तोंड दिसे, तिथं कौसाबाईचा काळा खांदा होता. गिअर टाकणार, तेवढ्यात दिसलं का डावं पुढचं दार ढिलंच आहे. मी चालू गाडीतून उतरलो. इंजनाच्या पुढून फिरून गेलो.

दार आपटलं. मंग अजून एकदा आपटलं. ते दोनदा आपटावं लागते, हे तिले सांगायची मले कधी वेळच आली नव्हती.